येसूची बाय

रत्नागिरीच्या सड्यावर परदेशी साप आहेत का, असं मला अजून लोक विचारतात. विचारणारा बहुधा मुंबईहून आलेला असतो. लहानपणी आजोळी काहीतरी ऐकलेलं असतं, आणि सापांचं काम केलेला म्हातारा म्हणून कुणीतरी माझं घर दाखवलेलं असतं. मी ‘नाहीत’ म्हणतो. त्याचं तोंड उतरतं. मग तो म्हणतो, “पण एक होता ना? नक्की होता म्हणतात.”

होता. म्हणजे होती. आणि तिचं नाव काढलं की माझ्या पोटात अजून दुखतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझ्याकडून थोरपणाची अपेक्षा करायला नको.

आमचा धंदा फुरशी धरण्याचा. मारण्याचा नव्हे, धरण्याचा. ज्यांनी फुरसं पाहिलेलं नाही ते नशीबवान. वीत-दीड वीत लांबीचं, मातीच्या रंगाचं जनावर, पाठीवर फिकट नक्षी, डोक्यावर पाखराच्या पावलासारखी खूण. चिडलं की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवत चालवल्यासारखा आवाज करतं. चावलं तर हिरड्यांतून रक्त येतं, आणि माणूस गेला नाही तरी महिनाभर अंथरुणात झिजतो. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं कातळाचं पठार. तिथे सुट्या दगडांखाली ही फुरशी बसलेली असतात. मुंबईला सर्पदंशावरचं औषध करायला त्यांचं ताजं विष लागायचं. आम्ही ती जिवंत धरून दवाखान्यात आमच्या डॉक्टरांकडे द्यायचो, आणि डॉक्टर ती भोकं पाडलेल्या घासलेटच्या डब्यांत सुकं गवत घालून आगबोटीनं पाठवायचे. पावसाळ्यात आगबोटी बंद झाल्या की आमचंही काम बंद.

आम्ही म्हणजे मी आणि येसू. हे काम एकट्याचं नाही. एकानं दगड उलथायचा, दुसऱ्यानं आकडी घेऊन समोर उभं राहायचं. दगड उलथताना तो स्वतःकडे ओढून पोटाशी धरायचा, म्हणजे खालचं जनावर अंगावर येत नाही. पण त्यामुळे उलथणाऱ्याला खाली काय आहे ते दिसतही नाही. समोरच्यानं सांगायचं. ‘फुरसं’ म्हटलं की दगड घट्ट धरून पुतळा व्हायचं, ‘विंचू’ म्हटलं की एक पाऊल मागे, आणि ‘काही नाही’ म्हटलं की दगड होता तसा ठेवून पुढे. येसू दगड उलथायचा आणि मी सांगायचो. त्यानं कधी वाकून बघितलं नाही. त्याची दहा बोटं माझ्या जिभेवर होती म्हणा ना.

एकदा खालच्या आळीतल्या एका बागायतदाराच्या घरी माजघरात फुरसं शिरलं. घरच्या काकू सोवळ्यातल्या आणि भित्र्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “हे बघ दत्ताराम, सापडलं तरी मोठ्यानं नाव घ्यायचं नाही. ‘काही नाही’ म्हण आणि गुपचूप घेऊन जा. सून गरोदर आहे.” मी म्हटलं, “काकू, मी काही नाही म्हटलं तर येसू हात घालील.” त्या म्हणाल्या, “मग त्याला आधी सांगून ठेव.” मी येसूला विचारलं. येसू म्हणाला, “नाय हो काकू. ह्यानं एकदा खोटं सांगितलंन, की दुसऱ्या वेळेला मला खरं वाटायचं नाय.” शेवटी सुनेला शेजारी पाठवलं, मी घसा फोडून ‘फुरसं’ म्हणून ओरडलो, आणि काकूंनीच किंकाळी फोडली.

येसूचं मागेपुढे कुणी नव्हतं. दुपारचं जेवण आमच्याकडे. माझी बायको त्याला भावोजी म्हणायची आणि माशाची मधली तुकडी त्याच्या पानात वाढायची. त्याचंसुद्धा मला कधी वाईट वाटलं नाही. असा मी तेव्हा होतो.

मग तीस सालच्या आगेमागे, थंडीच्या दिवसांत, बोटीनं सर्कस आली.

सर्कशीत वाघ होता, पण तो म्हातारा होता आणि बसल्या जागी झोपायचा. लोक वेडे झाले ते सापाला. दोन पुरुष लांब, मांडीएवढी जाड, अंगावर तांबूस-तपकिरी खोगिरं काढल्यासारखे पट्टे. एक बाई तिला गळ्यात घालून रिंगणात फिरायची. मॅनेजर सांगायचा, ही मादी आहे, अमेरिकेतल्या रानातली, बोआ म्हणतात हिला. आपल्या अजगराची लांबची बहीण, पण अजगर अंडी घालतो आणि ही पिल्लं घालते. फुरसंही पिल्लंच घालतं. मी हे येसूच्या कानात सांगितलं. त्यानं ऐकलंही नाही. तोंड उघडं टाकून बघत होता.

खेळ संपल्यावर तो तंबूमागे गेला आणि त्या बाईनं ती त्याच्या हातात दिली. जन्मभर ज्यानं जनावर धरलं ते चिमट्यानं, मान दाबून, तोंड आपल्यापासून लांब ठेवून, त्याच्या उघड्या दंडावरून हे जनावर सावकाश चढलं आणि मानेशी येऊन थांबलं. येसू मला म्हणाला, “दत्त्या, ही काय करीत नाय रे. नुसती बसलीय बघ.” आवाज असा, की जणू कुणी त्याला पहिल्यांदाच बस म्हटलं होतं. मी म्हटलं, “पोट भरलं असेल.” एवढंच सुचलं मला.

सर्कस हलायच्या आदल्या दिवशी तिच्या पेटीची फळी निखळलेली सापडली. पेटी रिकामी. मॅनेजरनं आम्हांला बोलावलं. आम्ही दगडांचे गडगे शोधले, विहिरी शोधल्या, बागांतले पाचोळ्याचे ढिगारे उलथले. सापडली नाही. बोट काही कुणासाठी थांबत नाही, सर्कस गेली.

गावात मग एकच विषय. बागांत राखण करायला माणसं मिळेनात. हॉटेलात, न्हाव्याच्या दुकानात, धक्क्यावर हीच चर्चा, की ती जगेल का आणि जगली तर तिची वीण पसरेल का. शाळेचे हेडमास्तर म्हणायचे, आपली हवा उष्ण, रान दाट, उंदीर-घुशी भरपूर, पाच वर्षांत जिल्हाभर होतील. आमचे डॉक्टर म्हणायचे, एकटी मादी काय वीण पसरवणार, शिवाय आपला पाऊस आहेच. मी डॉक्टरांच्या बाजूचा. ती मेलीच असणार असंही मी जाईन तिथे सांगायचो, कुणी विचारो न विचारो.

आणि येसू अर्ध्यावर काम टाकून जायला लागला. पोटात दुखतंय म्हणायचा. दुखत होतं माझ्या, पण ते मला तोवर कळलं नव्हतं. एक दिवस मी त्याच्या मागोमाग गेलो.

सड्याच्या पलीकडच्या उतरणीवर चिऱ्यांची खाण होती. अर्धी खाण तोडून संपलेली, अर्धी चालू. संपलेल्या बाजूला कपारीत ती पडली होती, ऊन खात. समोर फोडलेला नारळ, फुलं, चार अंडी. येसू तिच्यापासून हातभर अंतरावर उकिडवा बसला होता, हातात शेपटीला धरलेली घूस.

झालं होतं असं. खाणीवरच्या माणसांना ती दिसली. सर्कस त्यांतल्या कुणी पाहिलेली नव्हती. एवढं मोठं जनावर, फुत्कारत नाही, पळत नाही. आमच्याकडे जागेला राखणदार असतो, आणि तो असाच दर्शन देतो. माणसं गुरवाकडे गेली. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, देवाला कौल लावला. कौल म्हणजे देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. हा राखणदार म्हणून मानावा का, असं विचारलं. उजवी पडली. झाली सर्कशीतली अमेरिकन बोआ आमच्या खाणीची राखणदार!

“अरे, ही सर्कशीची आहे, हे तू सांगितलं नाहीस त्यांना?” मी विचारलं.

“सांगून काय करू? मारतील तिला. आता कुणाची हात लावायची टाप हाय?” येसू म्हणाला. “आणि आमची बाय राखणदारासारखीच वागते की. कुणाला चावली? तुझ्या फुरशांसारखी नाय ती.”

तुझ्या फुरशांसारखी! इतकी वर्षं जी आमची होती ती आता एकट्या माझी झाली, आणि सर्कशीतून पळालेली ती ‘आमची बाय’. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, “बाय काय, बाय? अंडी खात नाही तुझी बाय, ती घोरपड येऊन खाते.” तो हसला नुसता. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून म्हणाली, “भावोजींनी तुम्हांला सवत आणलीन म्हणायची.” तिला गंमत वाटली. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

पावसाच्या तोंडावर ती व्याली. सर्कशीत नरही होता, तिथूनच ती पोटुशी आली असणार. वीसेक पिल्लं, प्रत्येक जवळजवळ हातभर, आईसारखीच खोगिरं पाठीवर. येसू धावत आमच्या पडवीत आला, भिजलेला, चिखलानं भरलेला. “दत्त्या! झाली रे! आता कोण म्हणतो बघू वीण पसरायची नाय! वाडी वसवलीन तिनं, वाडी!”

मी त्याला सगळं समजावून सांगितलं, आणि ते खरंच होतं. जगणं वेगळं आणि वसणं वेगळं. एक मोठी मादी, तिला माणसं खाऊ घालतात, ती जगेल. पण वसायला पिल्लांनी आपली आपण मोठी व्हायला हवं, मग त्यांना जोडीदार हवेत, त्यांच्या पिल्लांना पुन्हा जागा हवी. फुरसं विंचू खाऊन, गोम खाऊन एका दगडाखाली आयुष्य काढतं. ह्या पिल्लांना पाली हव्यात, उंदरांची पोरं हवीत, आणि ती शोधायला उघड्यावर हिंडायला हवं. वर घारी, खाली मुंगूस, ओढ्याला खेकडे. आणि खाण पावसात काठोकाठ भरते. राहिली दोन-चार, तर ती सख्खी भावंडं. येसूनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तुझ्या तोंडून चांगलं येणारच नाय ना? जळतोस नुसता.”

जळत होतोच. पण म्हणून सांगितलेलं खोटं नव्हतं. ह्या दोन गोष्टी एकाच वेळी असू शकतात, हे मी त्याला कसं पटवणार होतो?

पावसात खाण भरली. बायला येसूनं वरच्या खोपटात आणून ठेवली. पिल्लं गेली कुठल्या कुठे. एक गडग्यात मेलेलं सापडलं, एक घारीच्या पायांत पाहिलं. येसूच्या लेखी बाकीची सगळी जिवंत होती. कुणी गवतात काही सळसळलं म्हणालं की हा तिकडे धावायचा, आणि मला घेऊन जायचा. मी बघायचो आणि सांगायचो, “धामणीचं पिल्लू आहे.” “नानेटी आहे.” “दोरी आहे, येसू.” प्रत्येक वेळी खरं सांगायचो. प्रत्येक वेळी तो माझ्याकडे असा बघायचा, की मीच पिल्लू गिळून बसलोय.

पाऊस उघडला, आगबोटी सुरू झाल्या, डॉक्टरांचा निरोप आला. आम्ही सड्यावर गेलो. सकाळची वेळ, गवत ओलं, दगड गार. अशा वेळी फुरसं सुस्त असतं, आवाजही करत नाही. येसूनं एक पसरट दगड उलथला. खाली एक मोठं फुरसं होतं, अर्धं अंग मातीत, पाठीची नक्षी तेवढी वर दिसत होती.

“फुरसं,” मी म्हटलं.

पुतळा व्हायचं सोडून त्यानं दगड बाजूला टाकला आणि वाकून बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्याचा चेहरा फुलला. “अरे, पिल्लू! बायचं पिल्लू रे, दत्त्या! जगलंय!”

“फुरसं आहे, येसू! डोकं बघ, मातीत आहे डोकं!” मी आकडी पुढे घातली. त्यानं डाव्या हातानं आकडी ढकलून दिली. “मारशील त्याला! तुला सगळीच फुरशी दिसतात,” तो म्हणाला, आणि उजवा हात खाली नेला. जसा बायच्या अंगावरून फिरवायचा तसा, उपडा, मोकळ्या बोटांनी.

दवाखान्यापर्यंत मी त्याला पाठुंगळीला मारून नेला. संध्याकाळपर्यंत हिरड्यांतून रक्त यायला लागलं. आम्ही आयुष्यभर ज्या औषधासाठी डबे भरून पाठवत होतो, ते आमच्या दवाखान्यात नव्हतं. डॉक्टरांनी होतं ते सगळं केलं. माझी बायको उशाशी बसून पेज भरवायची. तो वाचला. उजव्या हाताचं तर्जनीचं बोट काळं पडून गळलं आणि शेजारचं वाकडं झालं. त्या हातानं चिरा काय, तांब्यासुद्धा नीट धरता येईना. एवढं होऊनही शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं काय विचारावं? “बायला कोण खायला घालतोय?”

मी घालत होतो. रोज. नाक मुरडत, शिव्या देत, घुशी धरून. ती माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही.

आणि त्याच थंडीत सर्कस परत आली.

मॅनेजरला बोटीवरच बातमी लागली होती. खाणीवर येऊन म्हणाला, माझं जनावर, मी नेणार. खाणीवरची माणसं आडवी झाली. “तुमचं होतं तवा होतं. आता राखणदार हाय. देवाला विचारल्याशिवाय देणार नाय.” मॅनेजर शहाणा माणूस, त्यानं टोपी काढली आणि विचारा म्हणाला.

देवळात सगळा गाव. गुरवानं पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं: “बा देवा महाराजा, ही पाहुणी तिच्या माणसांबरोबर जाऊ दे असा तुझा हुकूम असेल तर उजवा दे, नसेल तर डावा दे...” माणसं एका सुरात ‘होय महाराजा’ म्हणाली. एका खांबाशी येसू उभा होता, हाताला फडकं बांधलेला, डोळे मिटलेले. तो काय मागत होता ते मला दिसत होतं. समोरच्या खांबाशी मी. मी देवाजवळ आयुष्यात इतक्या कळकळीनं काही मागितलं नाही, पोरं आजारी असतानासुद्धा नाही. म्हटलं, देवा, ने तिला. तिला ने, म्हणजे माझा येसू मला परत मिळेल. एका हातानं दगड उलथता येत नसेल तर मी उलथीन, तो नुसता समोर उभा राहून सांगेल. त्यानं काय सांगितलं ते मी डोळे मिटून ऐकीन.

उजवी पाकळी पडली. लगेच पडली. देवानं माझं ऐकलं.

मॅनेजरनं हात जोडले. मग तो म्हणाला की एक अडचण आहे, हिला गळ्यात घालून फिरणारी बाई सर्कस सोडून गेली. आणि हिला वर्षभर दुसऱ्याची सवय झालेली. हिला सांभाळणारं माणूस...

“मी येतो,” येसू म्हणाला.

त्यानं इकडेतिकडे बघितलं नाही. विचार करायला क्षणभर थांबला नाही. दोन दिवसांनी धक्क्यावरून पडाव आगबोटीकडे निघाला तेव्हा तो तिच्या पेटीवर बसला होता. बायकोनं सोलकढीची बाटली आणि तांदळाच्या भाकऱ्या दिल्या होत्या, त्या मांडीवर. मी काठावरून ओरडलो, “अरे मेल्या, आता दगड कोण उलथणार?” त्यानं तो वाकड्या बोटाचा हात वर केला. काय म्हणाला ते वाऱ्यात ऐकू आलं नाही.

नंतर मला जोडीदार मिळाले. एक भित्रा होता, एक दारू प्यायचा, एक चांगला होता. चांगल्यावर मी जास्त चिडायचो.

काही वर्षांनी गुरवाचा थोरला मुलगा मुंबईहून गणपतीला आला. गिरणीत होता. तिकडे सर्कशीत येसू भेटल्याचं सांगत होता. बाय आहे, धडधाकट आहे, येसू पांढरा झालाय. “काही निरोप?” मी विचारलं. “होय तर. विचारलंन, सड्यावर पिल्लू कुठे दिसलं का? तेवढंच विचार म्हणाला.” मी कसा आहे, वहिनी कशी आहे, काही नाही. पिल्लू दिसलं का!

त्या रात्री मला झोप लागली नाही. ‘दिसलं’ एवढा एकच शब्द पाठवला असता तर येसू पुढच्या बोटीनं आला असता, मला ठाऊक होतं. बायला घेऊन आला असता तरी चाललं असतं, इथवर मी आलो होतो. पण ह्या माणसाला दगडाखाली काय आहे ते मी कधी खोटं सांगितलं नव्हतं. सकाळी गुरवाच्या मुलाला म्हटलं, “त्याला सांग, काही नाही.”

शिमग्याला तो मुलगा पुन्हा आला. मी विचारायच्या आधी हसायलाच लागला. “तुमचा निरोप सांगितला. येसूकाका असे खूश झाले! म्हणाले, दत्त्या नाय म्हणाला ना? म्हणजे हायत.”

ह्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. ती सर्कस उरली नाही, आणि येसूची पुढे काही खबर लागली नाही. मी धंदा सोडला. पण पाऊस उघडला की काठी घेऊन सड्यावर जातो. खाणीच्या बाजूला जरा जास्त रेंगाळतो. कुणी भेटलं तर पाय मोकळे करतोय म्हणतो. परवाही गेलो होतो. एक पसरट दगड दिसला, तो कसाबसा उलथून पोटाशी धरला. दगड पोटाशी असला की खालचं दिसत नाही, म्हणून तसाच थोडा वेळ थांबलो. मग बाजूला ठेवून वाकून बघितलं.

“काही नाही रे, येसू,” मी मोठ्यानं म्हटलं.